धरलाय, असं मी म्हणालो होतो

माझ्या बायकोला गाडी चालवता येत होती. माझ्यापेक्षा चांगली. हे मी एकोणीस वर्षं कोणाजवळ बोललो नाही. आमच्या घरात, तिच्या माहेरी, शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी, की तिने शिकायचा प्रयत्न केला, कात्रजच्या जुन्या घाटात तिच्याकडून गाडी मागे गेली, पोरीची हनुवटी फुटली आणि तिने गाडी कायमची सोडली. तिलाही हेच माहीत होतं. या गोष्टीत चूक एकच आहे. गाडी तिच्याकडून मागे गेली नव्हती.

मी मुळात कमी बोलणारा. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीची बत्तीस वर्षं मान खाली घालून गेली. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात. त्याचा फायदा मी पुष्कळ घेतला. आता सांगायला बसलोच आहे तर पहिल्यापासून सांगतो. पहिलं सगळं चांगलं होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर मी काय मोडलं ते कळायचं नाही.

तेव्हा आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मी, बायको, मुलगी आणि माझे वडील. मी गाडी शिकलो ते स्वारगेटजवळच्या एका छोट्या वर्गात. शिकवणारे साठीचे मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. आजोबा टांगा हाकायचे, वडील ट्रक चालवायचे आणि आपण दुसऱ्यांच्या हातात गाडी देऊन शेजारी जीव मुठीत धरून बसतो, म्हणजे खानदानात सगळ्यात अवघड धंदा आपलाच, असं ते सांगायचे. बोलणं अस्सल पेठेतलं. माझा गिअर खरखरला की समोर बघतच म्हणायचे, "आपण गिअर बदलताय की बरणीतलं लोणचं ढवळताय?"

त्यांच्या गाडीला डाव्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच होता. तिसऱ्या दिवशी ते मला तळजाईच्या चढावर घेऊन गेले. चढावर थांबवायची, पहिला टाकायचा, क्लच अर्ध्यावर आणायचा, ब्रेकवरचा पाय उचलून अ‍ॅक्सिलेटरवर न्यायचा. मी पाय उचलला आणि गाडी एक इंचसुद्धा मागे न येता वर निघाली. दुसऱ्यांदा तसंच. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की चढाचं लोक उगाच भय घालतात, मला पहिल्याच झटक्यात जमलं.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी चहा पाजला. बशीत ओतून पिता पिता म्हणाले, "तळजाईला आपण गाडी उचलायचात ना, ती पहिले तीन दिवस मी धरलेली असायची. माझा पाय ब्रेकवर असायचा."

"सांगितलं नाहीत."

"सांगून काय उपयोग? पहिल्याच वेळेला चढावर गाडी मागे आली, की शिकणाऱ्याचा जीव अर्धा होतो. मग तो परत येत नाही. बायका तर नाहीच येत, कारण घरचे येऊ देत नाहीत. म्हणून मी धरतो. विश्वास बसला की हळूच पाय काढतो. आपला सहाव्या दिवशी काढला. कळलं होतं?"

"नाही."

"कळायला नकोच असतं."

मी हसलो. त्या माणसाने आयुष्यभर लोकांसाठी गुपचूप ब्रेक दाबून ठेवला होता. मी त्यातलं नेमकं दुसरंच वाक्य लक्षात ठेवलं, गाडी मागे आली की शिकणारा परत येत नाही, हे.

गाडी घेतली ती जुनी, क्रीम रंगाची, एका डॉक्टरांकडून. त्यांनी ती घर ते दवाखाना एवढीच फिरवली होती. गाडी आणली त्या दिवशी गल्लीत चांगलीच गंमत झाली. आमच्याकडे नारळ फोडायचा, लिंबू ठेवायचा प्रश्न नव्हता. वडिलांनी गाडीसमोर उभं राहून बुद्धवंदना घेतली आणि पेढे वाटले. तळमजल्यावरचे निवृत्त काका खिडकीतून सगळं बघत होते.

"लिंबू नाही ठेवलंत चाकाखाली?"

"नाही काका, आमच्यात नसतं."

"चांगलंय. लिंबाचं सरबत होईल. गाडी मात्र या खिडकीखाली लावू नका, आम्हाला अजून उजेड लागतो."

वडिलांनी सरकारी कचेरीत शिपाई म्हणून चौतीस वर्षं काढली होती. साहेबांची गाडी आली की धावत जाऊन मागचं दार उघडायचं, हे त्यांच्या कामातलंच एक काम. त्या दिवशी मी मागचं दार उघडून धरलं तर ते आत बसेनात. दारावर हात ठेवून उभेच राहिले. मग म्हणाले, "मी बसू?" मी म्हणालो, "बसा की बाबा." ते बसले, धोतर सावरलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मी त्यांना सारसबागेवरून स्वारगेटला वळसा घालून आणलं. त्या दिवसापासून त्या घरात मी कोणीतरी झालो. इतकी वर्षं कारखान्यातही मला तसं कधी वाटलं नव्हतं.

कारखान्याला मी कंपनीच्या बसने जायचो. म्हणजे सोमवार ते शनिवार गाडी काकांच्या खिडकीपासून चार हात लांब, कापड घालून झाकलेली. रविवारी मी तिला पुसायचो. काच, मग बॉनेट, मग चाकांच्या वाट्या. मुलगी बादलीत फडकं बुडवून द्यायची. ते रविवार आठवले की अजूनही बरं वाटतं, आणि लगेच पुढचं आठवतं.

बायको सरकारी कार्यालयात कारकून होती. त्या वर्षी ती खात्याची परीक्षा पास झाली आणि बढतीचं पत्र आलं. अधिकारी म्हणून, भोरला. स्वारगेटहून एसटीने जायचं म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचे पाच तास रस्त्यात. मुलगी पाच वर्षांची. बायकोने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, सहा दिवस ती झाकूनच ठेवायची असेल तर मी नेते की. घाट ओलांडला की सरळ रस्ता आहे. संध्याकाळी साडेसहाला घरात."

"तुला कुठे येते?"

"शिकेन. तुम्ही नाही का शिकलात."

ती हसत म्हणाली, मीही हसलो. ती मास्तरांच्या वर्गाला जाते म्हणाली. मी म्हणालो, वर्ग कशाला, मी आहे ना. वर्गात ती कोणाच्या सांगण्यानं शिकणार, किती दिवसांत शिकणार, हे माझ्या हातात राहिलं नसतं. तेव्हा मी हा विचार असा शब्दांत केला नव्हता. पण मास्तरांच्या त्या दुसऱ्या ब्रेकपासून तिला मीच लांब ठेवलं, एवढं खरं.

ती तीन आठवड्यांत शिकली. माझा गिअर अजूनही कधीमधी खरखरायचा, तिचा बदललेला कळायचासुद्धा नाही. एका रविवारी वडील मागे बसले होते. लक्ष्मी रोडच्या गर्दीतून तिने गाडी अशी काढली की सायकलवाल्यालाही घंटी वाजवावी लागली नाही. घरी उतरताना वडील म्हणाले, "सूनबाईंच्या हातात गाडी पाण्यासारखी जाते. हा चालवतो तेव्हा माझी मान दुखते."

सगळे हसले. ती म्हणाली, "काय हो बाबा, असं म्हणतात का." पण तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आनंदाने. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायको अधिकारी, माझ्या गाडीतून भोरला, आणि मी कंपनीच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन. एवढ्याशा गोष्टीने माणूस काय करू शकतो, हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर माझाही विश्वास बसला नसता.

होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा होता. राहिला होता फक्त घाट. रोज जायचं तर बोगद्यातूनच जाणार, पण जुना घाट जमला की सगळं जमलं, असं मीच तिला सांगितलं.

आमच्या गाडीला मास्तरांसारखा दुसरा ब्रेक नव्हता. हँडब्रेक होता, दोन सीटांच्या मध्ये. घरच्या घरी गाडी शिकवताना पुष्कळ जण करतात तसंच आम्ही करायचो. चढावर थांबलं की शेजारी बसलेल्याने हँडब्रेक ओढून धरायचा आणि "धरलाय" म्हणायचं. ते ऐकलं की चालवणाऱ्याने ब्रेकवरचा पाय उचलायचा आणि नुसतं क्लचकडे लक्ष द्यायचं. गाडी वर ओढ घेऊ लागली की शेजारच्याने दांडी हळूच खाली सोडायची. तळजाईच्या चढावर आम्ही हे वीसेक वेळा केलं होतं. ती माझ्या हाताकडे कधी बघायची नाही. बघायची गरजच नव्हती.

डिसेंबरातला रविवार होता. वडील गुडघे दुखतात म्हणून घरीच थांबले. कात्रज ओलांडून आम्ही घाटाला लागलो तेव्हा आठ वाजून गेले होते, झाडांवर धुकं होतं आणि रस्ता बराचसा रिकामा. बायको चालवत होती. अंगात मोरपंखी स्वेटर. मुलगी मागच्या सीटवर उलटी गुडघ्यांवर बसून, मागच्या काचेखालच्या फळीवर हनुवटी टेकवून मागे पडणारा रस्ता बघत होती. पट्टा बांधायची तेव्हा कोणाला सवय नव्हती, मागे तर नाहीच.

दुसऱ्या वळणानंतरच्या चढावर मी म्हणालो, "इथे थांबव. चढावर उचलायची सवय होऊ दे."

"इथे? पुढे जरा सपाट आहे."

"सपाटावर काय शिकणार?"

तिने गाडी डावीकडे घेऊन थांबवली. मी हँडब्रेक ओढला. तेवढ्यात मागून एक टेम्पो आला, भाजीचे क्रेट लादलेला. समोरून येणाऱ्या गाड्यांमुळे त्याला पुढे निघता येईना, म्हणून तो आमच्या मागे सात-आठ फुटांवर थांबला. मुलीने त्याला हात केला.

मी ठरवून आलो होतो ते असं, की गाडी दोन फूट मागे येऊ द्यायची आणि मग मी ओढून धरायची. दोनच फूट. तिचा जीव घाबरला की झालं. ठरवलं तेव्हा डोळ्यासमोर रिकामा रस्ता होता. आता टेम्पो आला होता. टेम्पो मला दिसला नव्हता, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. दिसला होता. मी मान वळवून बघितला होता. रिकाम्या रस्त्यावर ती तेवढी घाबरली नसती.

"धरलाय?" तिने विचारलं.

"धरलाय," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच अंगठ्याने बटण दाबून दांडी खाली नेली.

तिने पाय उचलला. गाडी मागे निघाली. इतक्या हळू, की पहिल्या क्षणी ती मागे जातेय असं वाटलंच नाही. मागून मुलीचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा, "पप्पा, टेम्पो जवळ येतोय."

मग बायकोने घाबरून क्लच पुरता दाबला आणि दुसऱ्या पायाने चुकून अ‍ॅक्सिलेटर. इंजिन किंचाळलं, गाडी वेगाने मागे गेली. मी दांडी ओढली. माझा हात घामाने भिजला होता, तो सटकला. पुन्हा ओढली तोवर आम्ही टेम्पोवर आदळलो होतो.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचा डबा पडल्यासारखा झाला. मुलगी रडली नाही म्हणून आम्ही दोघांनी एकदमच मागे बघितलं. ती फळीला धरून उभी होती. तोंड उघडं, आणि हनुवटीखाली फ्रॉक लाल होत चाललेला.

टेम्पोवाला उतरून माझ्या बाजूच्या खिडकीशी आला. भोर-वेल्ह्याकडचा असावा, डोक्याला मफलर. आधी त्याने आत पोरीकडे बघितलं, मग खाली, आमच्या दोघांच्या मध्ये. माझा हात अजून दांडीवरच होता.

"सायेब, गाडी शिकवायला घाटच घावला व्हय? अन् हँडब्रेक तर तुमच्याच हातात हाय."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "दादा, त्यांची चूक नाही. मीच पाय चुकवला." पोरीची हनुवटी पदराने दाबून धरलेली, आणि त्यातही ती मला वाचवत होती.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आधी दवाखाना गाठा. तुमी चालवा आता."

कात्रजला एका दवाखान्यात पाच टाके पडले. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडून गाडी मागे गेली." मी म्हणालो, "शिकताना होतं असं." डॉक्टर म्हणाले, "ताई, यजमान समजूतदार आहेत तुमचे." पुढे महिनाभर हेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. तिच्या आईने ऐकवलं, काकांनी खिडकीतून ऐकवलं, आणि दरवेळी ती मान हलवायची.

एकट्या वडिलांनी विचारलं. मी गाडीचा चेपलेला मागचा भाग बघत उभा होतो, तिथे आले. "तिचा पाय चुकेल असं वाटत नाही रे मला." मी म्हणालो, "होतं बाबा." ते "हं" म्हणाले. नंतर सहा वर्षं जगले. दवाखान्यात न्यायचं असलं तरी रिक्षा बोलव म्हणायचे.

बढती नाकारल्याचं पत्र तिने स्वतः लिहिलं. ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ असं कारण घातलं. मला वाचायला दिलं. मी वाचून म्हणालो, ठीक आहे. एकदा नाकारल्यावर तिचं नाव बरीच वर्षं पुढे आलं नाही. जिला तिने टपाल नोंदवायला शिकवलं ती मुलगी आज तिची साहेब आहे. बायको कधी कुरकुरली नाही. म्हणायची, "पोरगी वाचली, आणखी काय पाहिजे."

त्यानंतर ती पुढच्या सीटवर बसली नाही. मागे, माझ्याच पाठीशी, आणि एक हात मुलीच्या छातीवर आडवा. आरशात मला तो हातच दिसायचा. स्वारगेटच्या पुलावर गर्दीत गाडी चढावर थांबली, की मागे तिचा श्वास अडकायचा. मी ब्रेक घट्ट दाबून बसायचो. पुढची गाडी हलायची, आम्ही हलायचो, तेव्हा ती श्वास सोडायची. एकोणीस वर्षांत चार गाड्या झाल्या, पेठेतून धनकवडीला तिसऱ्या मजल्यावर आलो, मुलगी आरशातून निघून बाणेरला मैत्रिणींबरोबर राहायला गेली. तो श्वास तसाच राहिला. रोज कुठे ना कुठे तरी चढ लागतोच. पुण्यात राहून चढ टाळता येत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मुलीने तिची पहिली गाडी घेतली. फोनवरून फोटो पाठवले, मग स्वतःच आली, आम्हाला चक्कर मारायला. "आई, तू पुढे. नो आर्ग्युमेंट."

"मी मागे बरी."

"आई, प्लीज. किती वर्षं तेच? हे बघ," आणि तिने हनुवटी वर करून टाक्यांची पांढरी रेघ दाखवली. "ही आता स्टाइल म्हणून चालते. मी तुला कधीच माफ केलंय. खरंच. तू पण कर ना स्वतःला."

ती हसत बोलली, प्रेमाने बोलली. बायकोने मान खाली घातली आणि हळू म्हणाली, "तू केलंस गं. तुझे उपकार." आणि मागे जाऊन बसली.

मी पुढे बसलो. पोरीने आईला माफ केलं होतं. माझ्यासमोर, मी केलेल्यासाठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको मेथी निवडत बसली होती. मी म्हणालो, मला एक सांगायचंय.

"गीझरचं का? तो उद्या येणार आहे म्हणाला."

"घाटातलं."

तिचा हात थांबला. "आता कशाला ते?"

"तुझा पाय चुकला नव्हता. मी दांडी खाली केली होती."

मग तिने मला सुटायला एक दार उघडून दिलं, तिच्या स्वभावाप्रमाणे. "चुकून झालं असेल हो. तेव्हा कोणाला काय कळतंय."

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "नाही. मुद्दाम."

"भोरसाठी?"

"भोरसाठी. आणि बाबा तुझं कौतुक करायचे म्हणून."

"धरलाय म्हणालात तेव्हा सोडला होता?"

"म्हणताना सोडला."

"टेम्पो दिसला होता?"

"हो."

"ती मागे होती."

"हो."

तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या, पानं वेगळ्या ताटलीत ठेवली, हात धुतले. गॅसवर आमटी होती, ती बंद केली. पदराला हात पुसून म्हणाली, "तिला फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

मुलगी ऑफिसात होती. "पप्पा, कॉलवर आहे, अर्जंट आहे का?" मी म्हणालो, आहे. स्पीकर लावला आणि चार-पाच वाक्यांत सांगितलं. पलीकडे कोणाचं तरी हसणं ऐकू येत होतं, मग दार बंद झाल्यासारखं झालं आणि ते थांबलं. मुलगी म्हणाली, "आई कुठेय?"

"इथेच आहे."

"स्पीकर बंद करा. फोन तिला द्या."

तिने मला अहो-जाहो कधीच केलं नव्हतं. बायको फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. तास-सव्वा तास आत बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते. एकदा कोणीतरी रडलं, ते इकडचं की फोनमधलं, तेही कळलं नाही. मी ओट्याशी उभा होतो. आमटी गार झाली, तिच्यावर साय धरली.

आत काय झालं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. बायको बोलते, दुधाचं, गॅसचं, कामवालीच्या सुट्टीचं. सुरीने कापल्यासारखं बोलते, पण बोलते. माझ्या गाडीत बसत नाही, ऑफिसला बसने जाते. मुलगी दर रविवारी सकाळी येते, वर येत नाही. खालून एकदा हॉर्न वाजतो. बायको चप्पल घालते आणि जाते. कुठे जाता, विचारलं तर "येतो" एवढंच. एकदा मी धीर करून विचारलं, "शिकतेयस का पुन्हा?"

"तुम्हाला कशाला?" ती म्हणाली. रागाने नाही. दारावर काही विकायला आलेल्याला सांगतात तसं.

गेल्या रविवारी नऊपर्यंत परत येतो, असं बायको म्हणाली होती. दहा वाजले, अकरा झाले. दोघींचेही फोन लागत नव्हते. मी गॅलरीत उभा होतो. तिथून कात्रजकडचे डोंगर दिसतात, त्या दिवशी ते नको इतके स्वच्छ दिसत होते. चालवणारी आता पन्नाशीची, इतक्या वर्षांनी हात बसतो का, चढावर शेजारच्या पोरीला काय धरायचं ते माहीत असेल का, हे सगळं डोक्यात येत होतं, आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. तिला आता काहीही झालं तरी ते माझ्याच हातून झालेलं असणार, हे मला त्या गॅलरीत नीट कळलं.

पावणेबाराला गाडी कोपऱ्यावर वळली. काचेवर ऊन होतं, आत कोण कुठे बसलंय ते दिसेना. मी तीन जिने उतरून खाली जाईपर्यंत दोघी बाहेर उभ्या होत्या, गाडी बंद, दारं लागलेली. मुलीने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. बायकोच्या कपाळावर घाम होता.

"उशीर झाला," मी म्हणालो.

"झाला," ती म्हणाली. मग जिन्याकडे वळता वळता, "दूध आणलंत का?"

आणलं नव्हतं. मी दूध आणायला गेलो.